रायडरचा टॅक्स, पेट्रोलची कोरी बिलं आणि स्टेशनजवळचा एजंट

पत्र

ताई नमस्कार, मी कळव्याला राहतो, खारेगाव साईडला, वय 29. आधी रबाळ्याला एका कंपनीत होतो ती बंद झाली, तेव्हापासून तीन वर्षं फूड डिलिव्हरी करतोय, झोन माजिवडा ते कासारवडवली. रोज 10-11 तास गाडीवर. ॲपवर महिन्याला 42-43 हजार दिसतात पण बँकेत कधीच तेवढे येत नाहीत, वरून टीडीएस पण कापतात. रिटर्न आजपर्यंत एकदाही भरला नाही. आता स्टेशनजवळ एक एजंट आहे तो बोलला तुमचा 18 हजार रिफंड निघतो, त्यातले 6 हजार त्याला द्यायचे. पॅन, आधार आणि पोर्टलचा पासवर्ड त्याने घेतलाय. मित्र बोलतात पेट्रोल, मोबाईल, गाडीचा हप्ता सगळं वजा होतं, पण माझ्याकडे बिलं अर्धी पण नाहीत. मागच्या एप्रिलमध्ये 95 हजारांची नवीन बाईक घेतली, 2,600 हप्ता आहे. बायको बोलते दिव्याला नाहीतर बदलापूरला घराचं लोन बघूया. काय करू सांगा. नाव छापू नका प्लीज.

उत्तर

ताई म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

पहिलं ते 18 हजारांचं बघू कारण पत्रात तुझा सगळा जीव तिथेच अडकलेला दिसतोय. रिफंड म्हणजे सरकार वरून काही देत नाही रे, तुझ्या कमाईतून कापून तुझ्या पॅनवर जे जमा केलंय त्यातलं जास्तीचं परत देतं, बास. जेवढं कापलं त्याच्या वर एक रुपया येऊ शकत नाही, उशीर झाला तर किरकोळ व्याज तेवढं. महिन्याचे 43 हजार धरले तर वर्षाचे झाले 5,16,000. डिलिव्हरीवाल्यांचा टीडीएस बहुतेक वेळा 194सी कलमाखाली 1 टक्का कापलेला असतो, म्हणजे 5,160. आणि जर तो 194ओ खाली कापला असेल, कॅबवाल्यांचा तसा कापतात, तर 1 ऑक्टोबर 2024 पासून तो दरच 0.1 टक्क्यावर आलाय, मग तर 516 रुपयेच. नक्की किती ते तुला एजंटला विचारायची गरजच नाही, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून 26एएस उघड, त्यात कोणत्या कंपनीने कोणत्या कलमाखाली किती कापले ते तिमाहीवार लिहिलेलं असतं. मग 18 हजार आले कुठून?

एक तर तो तीन वर्षांचं मिळून बोलत असेल, त्यावर खाली येते. नाहीतर तो तुझ्या नावावर काहीतरी खोटं टाकणार, न कापलेला टीडीएस, न भरलेलं घरभाडं, एखाद्या पक्षाला दिलेली देणगी वगैरे. जुलै 2025 मध्ये इन्कम टॅक्सवाल्यांनी देशभर अशाच रिटर्न भरणाऱ्या एजंटांवर धाडी घातल्या होत्या, त्यात हेच सापडलं की हे लोक गिऱ्हाईकाच्या नावाने तात्पुरते ईमेल उघडतात, ढीगभर रिटर्न मारतात आणि मग ते ईमेल सोडून देतात, नोटीस येते ती त्या बेवारस ईमेलवर. गिऱ्हाईकाला पत्ताच नाही. आणि सही कोणाची? तुझी. व्याज, दंड कोणाला? तुला. तो तोवर टेबल उचलून दुसऱ्या स्टेशनला गेलेला असतो.

आता बँकेत पैसे कमी का येतात. हे नीट वाच कारण इथेच बहुतेक रायडर चुकतात, आणि रायडरच कशाला, माझ्याकडे ट्रेनिंगला येणारी सीए करणारी मुलं पण चुकतात. समज एका आठवड्यात तुझी कमाई 10,240 झाली, ऑर्डरचे पैसे, इन्सेन्टिव्ह, पावसाचे जादा, टिप सगळं धरून. त्याच आठवड्यात गिऱ्हाईकांनी तुझ्या हातात कॅश दिली 3,870. ती कॅश तुझी नव्हे, पण ती तू खिशात ठेवलीस, त्यातनं पेट्रोल टाकलंस, जांभळी नाक्यावरनं भाजी आणलीस. कंपनीने काय केलं, तेवढी रक्कम तुझ्या कमाईतून वळती केली, 102 टीडीएस कापला आणि 6,268 बँकेत टाकले. तुला वाटतं कमाई 6,268. इन्कम टॅक्सला दिसते 10,240, कारण कंपनीने टीडीएस भरताना तोच आकडा कळवलाय. बँक पासबुक बघून रिटर्न भरलास तर तुझा आकडा आणि त्यांच्या एआयएसमधला, म्हणजे तुझ्या पॅनवर त्यांच्याकडे झालेल्या नोंदींच्या यादीतला, आकडा जुळणार नाही आणि तुला उगाच मेसेज येईल की तुमच्या माहितीत फरक आहे. म्हणून कमाईसाठी पासबुक नाही, ॲपमधलं कमाईचं पान धरायचं. दर सोमवारी सकाळी चहा पिताना मागच्या आठवड्याचा स्क्रीनशॉट काढायचा आणि स्वतःलाच मेल करायचा, व्हॉट्सॲपवर ठेवू नकोस, फोन फुटला की गेलं. आणि आयडी बंद झाला की ॲपच उघडत नाही, तेव्हा कोणाकडे मागशील? माझ्याकडे मानपाड्याचा एक मुलगा आला होता, आयडी ब्लॉक, आठ महिन्यांची कमाई किती याचा त्याच्याकडे एक कागद नाही, शेवटी 26एएस वरनं उलटं गणित करून काढली.

आता खर्च, ज्याच्यासाठी तू पत्र लिहिलंस.

बिलं अर्धी पण नाहीत म्हणतोस. खरं सांगू का, असती तरी काय झालं असतं. वर्तकनगरचा एक रायडर दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे दिवाळीच्या लाडवांचा डबा घेऊन आला, आत फक्त पेट्रोलची बिलं, रबर लावून महिन्यामहिन्याचे गठ्ठे केलेले, इतका व्यवस्थित मुलगा. पहिला गठ्ठा सोडला तर कागद कोरे. उजेडाकडे तिरका धरला तेव्हा कोपऱ्यात कुठे 200 दिसतोय, कुठे नुसता पंपाच्या नावाचा अर्धा भाग. पंपावरचा कागद तो, उष्णतेने छापलेला असतो, डिकीत ठेवला की दोन महिन्यांत पुसला जातो, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. तो बिचारा डब्याकडे बघत बसला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते बिल जमवू नका, बिलाचा तिथल्या तिथे फोटो काढा, आणि त्याहून सोपं म्हणजे पेट्रोल कॅशने टाकूच नका. दोनशेचं टाक म्हणताना यूपीआयने दे, बँकेच्या स्टेटमेंटला पंपाचं नाव आणि तारीख आपोआप येते. त्यासाठी एक वेगळं खातं उघड, झिरो बॅलन्सवालं चालेल, ॲपचे पैसे त्यातच घे आणि गाडीचा सगळा खर्च त्यातूनच कर, घरच्या किराण्याला त्या खात्याला हात लावायचा नाही. घरखर्चाला लागतील ते पैसे एकदम दुसऱ्या खात्यात वळते कर. वर्षाच्या शेवटी स्टेटमेंट काढलं की अर्धी वही तिथेच लिहून तयार.

अर्धी म्हणाले, कारण उरलेली अर्धी म्हणजे किलोमीटर. ही गोष्ट कोणी करत नाही आणि हीच सगळ्यात फुकट आहे. रात्री गाडी लावताना मीटरचा एक फोटो. एवढंच. फोटोवर तारीख असतेच. सकाळी ड्युटी सुरू करताना एक काढलास तर अजून चांगलं, म्हणजे घरच्या कामासाठी किती फिरवली ते वेगळं निघतं. कारण नियम असा आहे की गाडी धंद्याला पण आणि घरच्याला पण वापरली तर खर्च त्याच प्रमाणात वजा होतो. शंभरातले नव्वद किलोमीटर डिलिव्हरीचे असले तर नव्वद टक्के. रविवारी बायकोला तलावपाळीला घेऊन गेलास ते पेट्रोल तुझं तू.

आता काय काय धरायचं ते ओघात सांगते. पेट्रोल, सर्व्हिसिंग, ऑइल, टायर, ब्रेक शू, चेन स्प्रॉकेट, पंक्चर, गाडीचा इन्शुरन्स, पीयूसी, पार्किंगचे पैसे, हेल्मेट, डिलिव्हरीची बॅग, रेनकोट, मोबाईलचा होल्डर, पॉवर बँक, रिचार्ज धंद्यापुरता. पंक्चरवाला बिल देत नाही, हे मला पण माहितीये, घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामात खिळे वेचत गाडी चालवली आपण सगळ्यांनी. त्याला पण यूपीआय कर आणि नोटमध्ये पंक्चर लिही. कुठे कॅशच द्यावी लागली तर त्याच रात्री वहीत लिही, तारीख, कोणाला, कशाचे, किती. छोट्या रकमेला अशी हाताने लिहिलेली नोंद चालून जाते, वर्षाच्या शेवटी एका बसणीत एकाच पेनने लिहिलेली वही मात्र कोणाच्याही लगेच लक्षात येते.

काय धरायचं नाही ते पण ऐक. ई-चलान धरायचं नाही. तीन हात नाक्यावर सिग्नल तोडला, फोटो निघाला, हजार गेले, ते गेले. कायदा मोडल्याबद्दलचा दंड हा धंद्याचा खर्च होत नाही, मग ती ऑर्डर कितीही उशिराची असो. दुपारचा वडापाव, चहा पण नाही, जेवलास तर तू जेवलास. पडलास आणि गाडी दुरुस्त केली तर गाडीचं बिल धर, हाताच्या प्लॅस्टरचं नाही. कंपनीने ऑर्डर चुकली म्हणून पैसे कापले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट ठेव, तो धंद्यातला तोटा आहे, तो वजा होतो.

हप्त्याबद्दल मित्र बोलतात ते अर्धवट बोलतात. हप्ता पूर्ण वजा होत नाही, त्यातलं फक्त व्याज होतं. तुझे वर्षाचे हप्ते झाले 31,200, त्यात पहिल्या वर्षी व्याज 9 हजारांच्या आसपास असेल, फायनान्सवाल्याकडून स्टेटमेंट माग, ते देतात. मुद्दलाचं काय? मुद्दल म्हणजे गाडीची किंमत, आणि गाडीच्या किमतीचा घसारा मिळतो, म्हणजे गाडी झिजून किंमत उतरते त्याची वजावट, वर्षाला 15 टक्के. 95 हजारांवर पहिल्या वर्षी 14,250, मग उरलेल्या 80,750 वर पुढच्या वर्षी 15 टक्के, असं उतरत जातं. तू एप्रिलमध्ये घेतलीस म्हणून पूर्ण मिळेल, दिवाळीनंतर घेतली असतीस तर 180 दिवसांपेक्षा कमी वापरली म्हणून पहिल्या वर्षी निम्माच मिळाला असता. तुझ्या मित्रांपैकी कोणी आठवड्याच्या भाड्याने इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन चालवत असेल तर त्याला घसारा वगैरे काही नाही, भाडंच सरळ खर्चात जातं, त्याचं गणित सोपं.

आता तुझं गणित मीच मांडून दाखवते, आकडे अंदाजाचे आहेत, तुझे घालून परत कर. दिवसाला 110 किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे वर्षाला 34,320. गाडी 45 चं ॲव्हरेज देते आणि पेट्रोल 104 धरलं तर पेट्रोलचेच 79 हजार. सर्व्हिसिंग-ऑइल 11 हजार, टायर-ब्रेक-चेन 9 हजार, इन्शुरन्स पीयूसी अडीच हजार, घसारा 14,250, व्याज 9 हजार, हे झाले 45,750 आणि त्याचे नव्वद टक्के 41,175. पेट्रोल फक्त डिलिव्हरीच्या किलोमीटरचं धरलंय म्हणून ते पूर्ण घेतलं. रिचार्जचे 4,200 मधले 3,360 आणि बॅग-रेनकोटचे 3 हजार. बेरीज कर, 1,26,500 च्या आसपास येते. 5,16,000 मधून गेले की हातात खरे राहिले 3,89,500.

म्हणजे महिन्याला साडेबत्तीस हजार, 43 नाही. तासाला ॲप म्हणतं 157 रुपये आणि खरे पडतात 119. किलोमीटरला खर्च पडतो 3 रुपये 70 पैसे. आता पुढच्या वेळेला गायमुखची 7 किलोमीटरची ऑर्डर वाजली आणि तिथून रिकामं परत यायला लागणार असेल तर 14 किलोमीटरचे 52 रुपये गाडीच खाणार हे डोक्यात असू दे, साठ रुपये दिसले की बोट लगेच ॲक्सेप्टवर जातं, मला माहितीये.

आणि टॅक्स? शून्य. नवीन रिजिममध्ये, म्हणजे नव्या करपद्धतीत, 2025-26 च्या कमाईवर पहिल्या 4 लाखांना टॅक्सच नाही, आणि त्याच्या पुढे 12 लाखांपर्यंत जो टॅक्स येतो तो रिबेटमध्ये माफ होतो. त्यामुळे तू खर्च एक रुपया पण वजा केला नाहीस, पूर्ण 5,16,000 दाखवलेस तरी तुझा टॅक्स शून्यच आहे! मग एवढा खटाटोप कशाला, असं तू म्हणशील. मी पण म्हटलं असतं. त्याचं उत्तर तुझ्या बायकोच्या प्रश्नात आहे.

तुझ्यासारख्या छोट्या धंद्यासाठी 44एडी म्हणून एक सोय आहे. वह्या ठेवा, ऑडिट करा असली भानगड नाही, बँकेतून आलेल्या जमेच्या 6 टक्के आणि कॅशने हातात राहिलेल्या भागाच्या 8 टक्के नफा झाला असं समजतात, फॉर्म आयटीआर 4 सुगम. वर्षाला 2 कोटींपर्यंत उलाढालीला चालतं, तुला पुरून उरेल. आता होतं काय की दुकानात बसलेला माणूस दहा मिनिटांत तुझा आयटीआर 4 भरतो, 5,16,000 चे 6 टक्के, 31 हजार नफा, टॅक्स शून्य, रिफंड 5,160, पाचशे रुपये द्या. तू खूश. वर्षभराने घराच्या लोनला गेलास, बँकेने मागच्या दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागितले, तू दिलेस, आणि साहेब बघतात की माणसाचं वार्षिक उत्पन्न 31 हजार. वार्षिक. त्यावर घर सोड, कोणी फ्रीजचा हप्ता पण लावून देणार नाही. तू तिथे कितीही सांग की साहेब ॲपवर बघा 43 हजार येतात, त्याच्यासमोर तुझ्याच सहीचा कागद आहे.

माझे बाबा रिक्षा चालवायचे, ठाणे स्टेशनच्या वेस्टला स्टँड. रोज रात्री जेवायच्या आधी सीटखालची लाल डायरी काढून धंदा किती, गॅरेजवाल्याला किती, मालकाला किती लिहायचे, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. स्वतःची दुसरी रिक्षा घ्यायची ठरली तेव्हा चार वर्षांच्या डायऱ्या पिशवीत घालून एका पतपेढीत गेले, मी पण गेले होते बरोबर, दहावीत होते. मॅनेजरने पिशवी उघडली पण नाही. रिटर्न भरता का म्हणाला. बाबा म्हणाले टॅक्स लागत नाही तर कशाला भरू. तिथेच संपलं. त्या मॅनेजरचा राग मला अजून आहे, निदान उघडून तरी बघायची होती. पण बाबांच्या डायरीत जे होतं ते रिटर्नमध्ये असतं तर त्याला उघडायची गरजच पडली नसती, हे पण खरं.

तर तू काय कर. 44एडी मध्येच राहा, आयटीआर 4 च भर, पण नफा 6 टक्के दाखवू नकोस. कायदा 6 टक्के म्हणतो ते कमीत कमी, त्याहून जास्त खरं कमावलं असेल तर जास्त दाखवायचं, तसं लिहिलेलंच आहे. तुझ्या वहीतून निघालेले 3,89,500 तिथे टाक. टॅक्स तेव्हाही शून्य, टीडीएसचे 5,160 तेव्हाही परत, आणि वर कागदावर महिन्याचं साडेबत्तीस हजारांचं उत्पन्न. तीन वर्षं असं ओळीने भरलंस की बँकेत गेल्यावर बोलायला तरी जागा राहील. उगाच फुगवू पण नकोस हां, लोन जास्त मिळावं म्हणून 8 लाख दाखवणारे पण येतात माझ्याकडे, 26एएस मध्ये 5 लाख आणि रिटर्नमध्ये नफा 8, बँकवाला वेडा नाहीये.

दुसरा रस्ता आहे आयटीआर 3 चा, त्यात प्रत्येक खर्च वेगवेगळा दाखवतात, पण तिकडे गेलास की वर्षाला अडीच लाखांच्या वर नफा असला तर रीतसर हिशोबाच्या वह्या सक्तीच्या. तुला त्यातून मिळणार काही नाही. आणि एक, 44एडी एकदा घेतलं की पाच वर्षं सोडू नये, मध्येच एखाद्या वर्षी 6 टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवून बाहेर पडलास तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही. 26एएस मध्ये 194सी च्या जागी 194एच दिसलं, म्हणजे कंपनीने ते कमिशन म्हणून दाखवलंय, तर मात्र थांब आणि कोणा जाणकाराला दाखव, कमिशनच्या उत्पन्नाला 44एडी चालत नाही.

ओळखीतला कोणी एलआयसीवाला टॅक्स वाचेल म्हणून पॉलिसी गळ्यात मारायला आला तर त्याला चहा पाज आणि परत पाठव. पॉलिसी कुटुंबासाठी घ्यायची तर जरूर घे, पण नवीन रिजिममध्ये 80सी, 80डी ची वजावट मिळत नाही आणि तुझा टॅक्स मुळात शून्य आहे, शून्यातून काय वाचवणार. तसंच कोणी जीएसटी नंबर काढून देतो म्हणाला तर नाही म्हण, सर्व्हिसला 20 लाखांच्या आत लागत नाही, नंबर काढलास की रिटर्न भरत बसावे लागतात आणि चुकलं की लेट फी. ॲडव्हान्स टॅक्सचा पण प्रश्न नाही, तो 10 हजारांच्या वर टॅक्स निघत असेल त्यांना.

1 एप्रिल 2026 पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय, 2025 चा, त्यात कलमांचे नंबर सगळे बदललेत, त्यामुळे पुढच्या वर्षी कोणी वेगळाच आकडा सांगितला तर गोंधळू नकोस. मार्च 2026 पर्यंत जे कमावलंस त्याला जुनाच कायदा, म्हणून मी जुने नंबर लिहिले. मुदत पुढे गेली, वाढली असं काहीही कानावर आलं तरी तू 31 जुलै डोक्यात ठेव. आधी पॅन आणि आधार लिंक आहे ना बघ, नसेल तर रिफंड अडकतो, मग पोर्टलवर बँक खातं व्हॅलिडेट कर. रिटर्न टाकला की 30 दिवसांत आधार ओटीपीने व्हेरिफाय करायचा, लोक हेच विसरतात आणि रिफंड का नाही आला म्हणून विचारत बसतात. घरबसल्या होतं सगळं, वागळे इस्टेटला चकरा नाहीत. स्क्रीनशॉट, स्टेटमेंट, फोटो हे सगळं सहा-सात वर्षं जपून ठेव, एका ड्राइव्हमध्ये वर्षाच्या नावाचं फोल्डर, झालं.

मागच्या दोन वर्षांचं. त्या वर्षांत कापलेला टीडीएस परत मागायची मुदत गेली. मुदत संपल्यावर अपडेटेड रिटर्न भरता येतो पण त्यातून रिफंड मागता येत नाही, तो फक्त टॅक्स भरायला. उशीर माफ करा म्हणून अर्ज करायची सोय पोर्टलवर आहे, असेसमेंट वर्ष, म्हणजे कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष, संपल्यापासून 5 वर्षांच्या आत, कारण पटलं तर देतात. आधी 26एएस मध्ये त्या दोन वर्षांचे किती आहेत ते बघ, आठ-नऊ हजार असतील तर कर अर्ज, हजारभर असतील तर डोक्याला ताप नको. एजंटचे 18 हजार बहुतेक हे तीन वर्षांचं धरूनच आलेत, आणि त्यातले मिळण्यासारखे आत्ता फक्त या वर्षीचे 5 हजार आहेत, त्यातून तो 6 मागतोय!

म्हणून हे वाचून झालं की पहिलं पोर्टलचा पासवर्ड बदल. मग प्रोफाईलमध्ये जाऊन मोबाईल नंबर आणि ईमेल तुझेच आहेत ना बघ, त्याने स्वतःचे घातले असतील तर आधार ओटीपीने लॉगिन करून लगेच तुझे टाक. बँक खातं पण बघ, रिफंड कुठे जाणार ते तिथे लिहिलेलं असतं. आणि भरलेल्या रिटर्नची यादी उघड, त्याने आधीच काही टाकलंय का. टाकून ठेवला असेल आणि व्हेरिफाय झाला नसेल तर ओटीपी कोणालाच सांगू नकोस, तो रिटर्न डिस्कार्ड करता येतो, ते बटण तिथेच असतं. व्हेरिफाय झालेला दिसला तर सुधारित रिटर्न भरावा लागेल, तेव्हा मला परत लिही, त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडून, पॅन नंबर झाकून.